परदेशी पदव्या आणि जामखेडच्या बाया

जामखेड हा नगर जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातला तालुका. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना खेटून असलेला, जिल्ह्याच्या ठाण्यापेक्षा मराठवाड्याशी जास्त सोयरीक असलेला. इतिहासात त्याची नोंद दोनदा ठळकपणे होते. 1725 साली अहिल्याबाई होळकर जन्मल्या त्या इथल्या चोंडीत, आणि 1795 साली मराठ्यांनी निजामाला हरवले ते इथल्या खर्ड्याजवळ. अहिल्याबाईंच्या नावाने आता अख्खा जिल्हाच अहिल्यानगर झाला आहे. या दोन नोंदी सोडल्या, तर सरकारी कागदांत जामखेडचे नाव यायचे ते दुष्काळी तालुक्यांच्या यादीत.

अशा गावात 1970 सालच्या सप्टेंबरात एक डॉक्टर जोडपे बिऱ्हाड घेऊन आले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघे नुकतेच अमेरिकेतून परतले होते. क्लीव्हलँडच्या रुग्णालयातला अनुभव आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची पदवी जवळ होती. मनात आणले असते तर तिथेच बंगला, गाडी आणि दवाखाना सहज झाला असता. जामखेडने त्यांना दवाखान्यासाठी काढून दिली ती गुरांच्या दवाखान्याची जुनी, वापरात नसलेली जागा.

या निर्णयाचे मोल कळायला त्या वेळचा काळ पाहावा लागतो. 1965 साली अमेरिकेने देशवार कोट्याचा जुना कायदा मोडीत काढून शिकलेल्या परदेशी माणसांना दार उघडले. त्याच वर्षी वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविमा आला आणि तिथल्या रुग्णालयांना डॉक्टर कमी पडू लागले. मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून, जी. एस. मधून, पुण्याच्या बी. जे. मधून तयार झालेली मुले पुढच्या वर्षांत विमानात बसू लागली, आणि त्यांतली बरीच तिकडचीच झाली. आरोळे दांपत्य गेले ते नेमके याच सुमारास, 1966 साली, फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या निमित्ताने. दार सताड उघडे असताना ते आत गेले आणि चार वर्षांत त्याच दाराने बाहेर आले.

समुद्रापलीकडची विद्या आणून आपल्या माणसांना देण्याचा विचार मराठी मुलखाला नवा नव्हता. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली निघाल्या त्या हाच हेतू सांगून. 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-कक्षाची जबाबदारीही त्यांच्या नावे ठरली. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या. रुग्ण तपासायची वेळच आली नाही. मराठी घरांत त्यांचा फोटो लागला, त्यांच्यावर पुस्तके आणि नाटके झाली. त्यांच्या हातून व्हायचे राहिले ते काम मात्र कुणी उचलले, याची चौकशी आपल्याकडे कमीच झाली.

नगर जिल्ह्यात या देवाणघेवाणीला आणखी एक पदर आहे, तो जरा उलटा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे केले. धर्मप्रसार हा हेतू उघड होता. शाळा आणि दवाखाने त्याच्या पाठोपाठ आले. पण शंभर वर्षांत या मिशनच्या लोकांच्या पिढ्या इथेच जन्मल्या, इथली मराठी बोलल्या, शिकायला अमेरिकेत गेल्या आणि पुन्हा इथे आल्या. त्यांचा देश नेमका कोणता, असा प्रश्न पडावा अशी ती घरे. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 साली मुंबईतला आणि उभे आयुष्य नगरमधले. 1899-1900 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या कामात ते पुढे होते. त्याबद्दल ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्यांची मुलगी रूथ ह्यूम डॉक्टर होऊन नगरला परतली आणि स्त्रियांच्या मिशन रुग्णालयात काम करू लागली. तेच रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेले. नगरकर त्याला आजही बूथ हॉस्पिटल म्हणतात, आणि करोनाच्या साथीत त्या नावाचा आधार किती जणांना वाटला हे नगरमध्ये कुणालाही विचारावे.

रूथचा चुलतभाऊ एडवर्ड याची कथा तर कादंबरीत शोभावी. 1876 साली नगरमध्ये जन्मलेला हा मुलगा जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाला, प्लेगच्या काळात मुंबईत काम करून गेला, आणि 1905 साली थेट चीनमध्ये चांगशाला पोहोचला. तिथे त्याने उभे केलेले रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय पुढे चीनमधल्या नामांकित संस्थांमध्ये गणले गेले. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे नाव चीनमध्ये घेतात हे आपल्याला ठाऊक असते. त्यांच्या तीस वर्षे आधी नगरचा एक पोरगा तिकडे दवाखाना मांडून बसला होता, हे नगरमध्येही फारसे कुणी सांगत नाही.

आरोळ्यांचे घर याच मिशनच्या सावलीतले. रजनीकांत यांचा जन्म 1934 सालचा, नगर जिल्ह्यातला; आईवडील दोघेही शिक्षक. मेबल जबलपूरच्या, वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाली, 1960 साली लग्न झाले, आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच डॉक्टरकी करायची हा शब्द त्यांनी लग्नाच्या वेळीच एकमेकांना दिला. लग्नात असे शब्द पुष्कळ दिले जातात. यांनी तो पाळला, एवढाच फरक.

सुरुवात झाली ती नेवासे तालुक्यातल्या वडाळा बहिरोबाच्या मिशन रुग्णालयात. नगर-औरंगाबाद रस्त्यावरच्या या गावात दोघांनी चार वर्षे काढली. शस्त्रक्रिया, बाळंतपणे, जुलाबाने सुकलेली पोरे, धनुर्वात झालेली अर्भके. रुग्ण यायचे, बरे होऊन जायचे, आणि काही महिन्यांत तीच पोरे तोच आजार घेऊन पुन्हा दारात. रुग्णालय नावारूपाला आले, पण आसपासच्या खेड्यांतले आजार होते तिथेच राहिले. बहुतेक दुखणी टाळता येण्यासारखी आहेत आणि ती टाळायची जागा रुग्णालयाबाहेर आहे, हे त्यांना वडाळ्यात कळले. ते कसे करायचे हे कळेना. अमेरिकेला जाण्यामागे खरे कारण हे होते.

बाल्टिमोरमध्ये त्यांना गुरू भेटले ते कार्ल टेलर. हेही मूळचे आपल्याकडचेच म्हणायचे: 1916 साली मसुरीजवळच्या लँडोरमध्ये जन्मलेले, मिशनरी डॉक्टरांचे चिरंजीव. हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग त्यांनीच उभा केला होता आणि पंजाबात नारंगवालला खेड्यातल्या बालआरोग्यावर त्यांचे संशोधन चालू होते. त्यांच्या हाताखाली शिकताना आरोळे दांपत्याने एका ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आराखडा कागदावर उतरवला. अमुक हजार लोकवस्तीमागे एक परिचारिका, ती गावात राहील, वर डॉक्टर, मध्यभागी छोटे रुग्णालय. तर्काला धरून होता. पुढे या आराखड्याचे जे झाले, ती या सगळ्या हकिगतीतली सर्वांत शिकण्यासारखी बाब आहे.

गाव निवडताना त्यांनी एक पथ्य पाळले. जिथले लोक बोलावतील तिथेच जायचे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले. ख्रिश्चन डॉक्टर आले म्हणजे धर्म बाटवणार, ही शंका काहींच्या मनात असणारच. पण पाच-पन्नास मैलांत शस्त्रक्रिया करणारे कुणी नव्हते, ही अडचण शंकेपेक्षा मोठी होती. पहिल्या पैशाची सोय बाहेरून झाली. जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने या प्रयोगाला पाठबळ दिले.

गावोगाव बैठका सुरू झाल्या तेव्हा डॉक्टर आरोग्यावर बोलायचे आणि लोक पाण्यावर. भाकरीवर. आरोग्य ही त्यांच्या लेखी तिसऱ्या-चौथ्या नंबरची गोष्ट होती. त्यातच 1971 ते 73 चा दुष्काळ उभा राहिला, मराठी माणसाच्या आठवणीतला 72 चा दुष्काळ. प्रकल्पाने तेव्हा डॉक्टरकी थोडी बाजूला ठेवली. मुलांसाठी एका वेळचे जेवण शिजू लागले, तेही गावकऱ्यांच्या हातून, आणि बोअर घ्यायला सुरुवात झाली. बोअर कुठे घ्यायचा हा प्रश्न भूगर्भाचा कमी आणि जातीचा जास्त. गावठाणातली मंडळी आपल्या आळीत मागायची. आरोळ्यांनी असे काही जुळवून आणले की बरेचसे हापसे दलितवस्तीत किंवा तिच्या कडेला बसले. ज्यांना गावच्या विहिरीवर पोहरा टाकू दिला जात नव्हता त्यांच्या दारात आता पाटलाच्या घरची घागर येऊन रांगेत उभी राहिली. हे काम भाषणाने झाले नसते. हॉपकिन्सच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता. नगर जिल्ह्यातल्या माणसाला तो शिकवावा लागला नाही. परत आलेल्या माणसाचा उपयोग काय, याचे याहून चांगले उत्तर देता यायचे नाही. पाण्याचे शास्त्र बाहेरून आणता येते. गावातल्या पाण्याचे राजकारण तिथे वाढलेल्यालाच कळते.

आता तो आराखडा. परिचारिका गावात राहीनात. शिकलेली तरुण मुलगी एकटी खेड्यात कशी राहणार? राहिली तरी तिचे कोण ऐकणार? ती इंजेक्शन देते का, एवढेच लोक पाहायचे. गरोदर बाईने काय खावे हे चार पोरांच्या आईला विशीतली पोर सांगणार, हे पटण्यासारखे नव्हते. बाल्टिमोरचा कागद इथे फाटला. मग गावांच्या बैठकांतूनच दुसरी वाट निघाली: गावानेच आपल्यातली एखादी बाई द्यावी, तिला शिकवू.

गावांनी दिल्या त्या बायका पाहून दुसऱ्या कुणा डॉक्टरने हात टेकले असते. बहुतेक निरक्षर, चाळिशीकडे झुकलेल्या, अनेक दलित, काही टाकलेल्या, काही विधवा. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. निरनिराळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत बसून खाणे ही 1970 च्या दशकातल्या खेड्यात लहान गोष्ट नव्हती. पहिल्या आठवड्यांत काहींचा घास घशाखाली उतरत नसे म्हणतात. शिकवणे तोंडी आणि हाताने: पोटातल्या बाळाची जागा चाचपून कशी ओळखायची, बाळंतपणात कधी थांबायचे आणि कधी गाडी जुंपून रुग्णालय गाठायचे, नाळ कापायला निर्जंतुक पाते आणि दोरा, जुलाबावर मीठ-साखर-पाणी, अंगावरच्या बधिर चट्ट्यावरून महारोगाची शंका. महारोग्यांसाठी वेगळी वसाहत बांधायची नाही, त्यांनी घरीच राहून औषध घ्यायचे आणि इतरांबरोबर त्याच दवाखान्यात यायचे, हे या प्रकल्पाने फार लवकर ठरवले होते. गावाने वाळीत टाकलेला माणूस पुन्हा घरात घेतला गेला तो या बायकांच्या भरवशावर.

त्यांना आरोग्यसेविका म्हणायचे, पण नोकरी अशी ती नव्हती. प्रकल्पाचा भर त्यांना पगारावर ठेवण्यापेक्षा त्यांचा स्वतःचा काही धंदा उभा राहावा यावर होता: शेळ्या, बांगड्या, भाजी. पुरुषांची शेतकरी मंडळे आणि बायकांची महिला मंडळे पाठीशी उभी राहिली. आपण फुकट राबतो का, हा सवाल त्यातल्या काही जणींच्या मनात आला असेल तर तो रास्तच होता. आज आशा कार्यकर्त्या तोच विचारतात. पण गावात मान मिळणे, पाटलाच्या सुनेच्या बाळंतपणाला आपल्याला निरोप येणे, याची किंमत त्या बायकांनी स्वतःच वेळोवेळी सांगितली आहे.

आकडे बोलके आहेत. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली हजार जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. 1976 साली हा आकडा 52 वर आला, 1996 साली 26 वर. पाच वर्षांत मृत्यू तीन हिश्श्यांतून एका हिश्श्यावर यावेत असे त्या काळात कुठल्या मोठ्या इस्पितळाने केले नव्हते, कारण मुळात तिथपर्यंत बाळे पोहोचतच नव्हती. पुढची घसरण हळू झाली, हेही याच आकड्यांत दिसते. 1976 ते 86 या दहा वर्षांत तर तो आकडा जेमतेम तीनने उतरला. दूषित पाणी आणि धनुर्वात पटकन हटवता येतात; कमी वजनाचे बाळ, पोरवयातले लग्न आणि आईचे रक्त कमी असणे यांना वेळ लागतो.

जगाने दखल घेतली ती लगोलग. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतल्या लोकाधारित प्रयोगांवर एक पुस्तक काढले, त्यात जामखेडवर आरोळ्यांचा लेख होता. तीन वर्षांनी अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. तो घडवण्यात कार्ल टेलर यांचा हात होता, आणि त्यामागे जगभरच्या ज्या मोजक्या प्रयोगांचा दाखला होता त्यात जामखेड एक. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाल्टिमोरहून आलेला कागद जामखेडच्या बायकांनी दुरुस्त करून पुन्हा बाहेर पाठवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

1988 साली तर एक बाई स्वतःच गेली. मुक्ताबाई पोळ या आरोग्यसेविकेने वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मराठीतून भाषण केले. सभागृहाच्या छताला लटकलेल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, ती दिमाखदार असतात, महाग असतात आणि उंचावर असतात, तसे डॉक्टर. आणि मग पणती काढून सांगितले की हिची ज्योत दुसऱ्या पणतीला देता येते. सभागृह उठून उभे राहिले. जामखेडला पुढच्या काळात शंभराहून अधिक देशांतली माणसे शिकायला आली आणि त्यांच्या शिक्षकांत या बायका होत्या.

आरोळ्यांचीच वाट पुढे आणखी एका मराठी जोडप्याने धरली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1984 साली हॉपकिन्समधून शिकून आले, 1986 साली गडचिरोलीत गेले. त्यांच्या 39 गावांतला नवजात बाळांच्या घरच्या घरी सांभाळाचा प्रयोग 1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आला. तिथेही काम केले ते गावातल्याच बायकांनी. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायचे ठरले, तेव्हा जामखेड-गडचिरोलीसारख्या प्रयोगांचा अनुभव समोर होता.

परत येणारे थोडे. न येणारे फार. न आलेल्यांनी काय केले, हेही नोंदवायला हवे. 1978 साली अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी महाराष्ट्र फाउंडेशन काढले. 1994 पासून त्याचे पुरस्कार सुरू झाले, त्यात सुनील देशमुख यांनी पदरचे भांडवल घातले. साहित्याबरोबर समाजकार्यालाही पुरस्कार आणि महाराष्ट्रातल्या कामांना मदत, हे त्यांनी नेटाने चालवले. पण पैसा पाठवणे वाटते तितके सरळ नाही. परकीय देणग्यांच्या कायद्यात भारतीय पासपोर्ट असलेल्या भावाने बँकेतून पाठवलेले पैसे देशी धरले जातात, आणि तिकडचे नागरिकत्व घेतलेल्या बहिणीने पाठवलेले परदेशी. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा परदेशी पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरवावा लागतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आहे. मोठ्या संस्था हे हिशेब सांभाळतात. जिथे लिहिणारा एकच कारकून आहे अशा तालुक्याच्या संस्थेचा त्यात जीव जातो.

त्यातून देणाऱ्यांची आवड ठरलेली असते. यंत्र द्यायला माणूस पटकन तयार होतो, त्यावर आईवडिलांचे नाव कोरता येते. आरोग्यसेविकेच्या दर आठवड्याच्या येण्याजाण्यावर, तिच्या जेवणावर आणि शिकवणीवर नाव कोरता येत नाही. जामखेडमध्ये बाहेरचा पैसा कामी आला तो या अदृश्य खर्चाला, वर्षानुवर्षे. एखादे मोठे इस्पितळ बांधून तो संपवला असता, तर आज तिथे एक जुनी इमारत आणि एक संगमरवरी पाटी उरली असती.

मेबल आरोळे 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी यांनी काम पुढे चालवले. दरम्यान तालुक्यातही पाणी बदलले, रस्ते झाले, खासगी दवाखाने गल्लोगल्ली उभे राहिले. दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे मात्र अजून आहेत. गरोदर बाई कोयता घेऊन फडावर गेली की तिची नोंद गावच्या वहीत राहते आणि ती दोनशे किलोमीटरवर. तिच्यासाठी अजून कुठल्या विद्यापीठात धड आराखडा झालेला नाही. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यभरातल्या आशा मानधनासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या.

ज्या घरांतली मुले परदेशात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत किंवा निव्वळ चांगले कमावती आहेत, अशा घरांना एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या सुट्टीत ती गावी आली की गावाला काय द्यायचे याचा बेत घरी बसून ठरवू नका. आधी आपल्या गावच्या आशाताईंना भेटा, त्यांच्याबरोबर एक दिवस वस्तीवर फिरा आणि त्यांना काय कमी पडते ते विचारून त्यांच्या तोंडून यादी लिहून घ्या.